स्वस्तातला कान

३ फेब्रुवारी २०१४

रेडिओ घ्यायचा ठरवला. विमानांचं बोलणं ऐकू येईल असा, आणि स्वस्त. प्रेमलाला सांगितलं – पेपरातल्या सदरासाठी हवा, मंत्र्यांची हेलिकॉप्टरं ऐकतो. रायपूर राजधानी झाल्यापासून ही मंडळी भाजी आणायलाही उडत जातात.

कणीक मळता मळता म्हणाली, "निधीचा आवाज आयकाचा हाये, तं तसं म्हणा न."

नको तेव्हा हिला सगळं समजतं.

४ फेब्रुवारी

आमची मुलगी निधी माना विमानतळाच्या टॉवरवरून विमानं उतरवते. नोव्हेंबरात सदरात मी तिला 'हवेतली ट्रॅफिक हवालदारीण' केलं. वाचक पोट धरून हसले. तिच्या ऑफिसातलेही. ती बॅग भरून क्वार्टरवर गेली. तीन महिने फोन घेत नाही. पोट्टीला विनोद म्हणून कळत नाही.

७ फेब्रुवारी

गोल बाजार. दुकानदार भैय्यालाल – कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर ब्रह्मज्ञान. "अंकलजी, ये वॉकी-टॉकी ले जाइए, सब पकड़ता है।"

पकडलं काय, तर लग्नाच्या मंडपातले गार्ड. "पनीर खतम, पनीर खतम।"

८ फेब्रुवारी

शेजारचे गंगाधरराव, रेल्वेच्या वायरलेसमधून निवृत्त. यंत्र उलटंपालटं केलं. "विमानं एएमवर बोलतात भाऊ. हा नुसता एफएम. पेपरात लिहून राहिले, न् खोक्यावरचं वाचत नाही काय?"

हा माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही.

१० फेब्रुवारी

बदलून आणला. विमानांचा बँड असलेला साधा रेडिओ. यातून बोलता येत नाही, फक्त ऐकायचं. भैय्यालाल म्हणतो, "आपके लिए यही ठीक है।"

अर्थ काढत बसलो नाही.

११ फेब्रुवारी

तात्यापाऱ्यातल्या आमच्या गच्चीवर वैमानिक ऐकू येतात, टॉवर नाही. विमान उंच, टॉवर बुटका, मध्ये राजधानीच्या थोर इमारती. वैमानिक "रॉजर, रॉजर" करतो. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

१३ फेब्रुवारी

स्कूटरने मान्याला. विमानतळाच्या रस्त्यावर शेवंताबाईची चहाची टपरी. तिथे टॉवर लागला!

बाईचा आवाज. शांत, एक शब्द जास्त नाही. कुणी वैमानिक घाई करत होता. तिने थांब म्हटलं. थांबला. निधीला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. घरात एखादं वाक्य पुरं करू दिलं असतं, तर ऐकलं असतं.

शेवंताबाई भंडाऱ्याची. "काहून रडून राहिले बाबूजी?"

धूर, म्हटलं. तिच्याकडे गॅस आहे.

१७ फेब्रुवारी

रोज सकाळी जातो. सदर दिलं नाही. संपादक तब्येत विचारतो. गाढव आहे.

२० फेब्रुवारी

शेवटी प्रेमलाला सांगून टाकलं. आठवडाभर ऐकतोय, म्हटलं, तुझी पोट्टी कमाल बोलते. पहिल्या शब्दाला ओळखला आवाज.

ती पोळी लाटायची थांबली.

"तिची बदली झाली. बारा तारखेलेच नागपूरले गेली. तुमाले सांगू नको म्हणाली."

तव्यावरची पोळी करपली. दोघांपैकी कुणीही उलटली नाही.

२१ फेब्रुवारी

भैय्यालालला विचारलं, मोठी अँटेना लावली तर यावर नागपूर ऐकू येईल का?

हसला नाही. तेच वाईट.

"अंकलजी, नागपूर तो फोन से लगेगा।"