दुकानच्या खोक्यातली काडतुसं

रविवार, ७ जून
आजपासून घरची काडतुसं. निश्चय पक्का. बापाच्या बत्तीस बोअरच्या पिस्तुलासाठी दुकानातून काडतुसं आणणं म्हणजे गोठ्यात गाय असून पावडरचं दूध पिणं. उडालेली पितळी पुंगळी फेकायची नसते. तिच्या बुडात ठिणगी टाकणारी नवी टोपी बसवायची, पोटात बारूद घालायची, तोंडात गोळी दाबायची. झालं काडतूस. लोक का करत नाहीत कळत नाही. आळस, दुसरं काय.

मेज आणि गोळ्या दाबायचं हँडलचं यंत्र परसातल्या सॉनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत मांडलं. सॉना फक्त शनिवारी तापतो. बाकीचे दिवस कपडे बदलायची ती खोली रिकामीच असते. लेम्पी म्हणाली, आर्वो, जिथे चूल पेटते तिथे तू बारूद ठेवणार? मी म्हटलं, छे, बारूद घरात, पलंगाखाली. ती म्हणाली, मग काय, आता शांत झोप लागेल. बायकोचा पाठिंबा असला की माणसाला हुरूप येतो.

बुधवार, १० जून
टोप्या मसुरीएवढ्या असतात. पूर्वी कोणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर बर्फाचा नांगर चालवलेल्या हातांना हे काम नाजूक वाटेल असं लेम्पीचं म्हणणं. माझा हात मुळात नाजूक कामाचाच. जमीन खराब आहे. फळ्यांमध्ये फटी आहेत. सकाळपासून रांगतोय.

तिचा भाऊ सुलो येऊन उपदेश करून गेला. दाजी, एकच नियम लक्षात ठेवा, एका खोक्यातली काडतुसं दुसऱ्या खोक्यात कधी म्हणजे कधी ठेवायची नाहीत. सुलो स्वतः दुकानचीच उडवतो आणि उपदेश फुकट वाटतो. तरी नियम चांगला आहे. पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला.

शनिवार, १३ जून
सॉना. पाहुणे नेहमीचेच. शेजारच्या ट्रेंबाथबाईंनी ओला टॉवेल माझ्या यंत्राच्या हँडलला अडकवला. त्यांना वाटलं ती खुंटी आहे. नंतर सुलो वाफेतून लालबुंद होऊन अनवाणी बाहेर आला आणि त्याचा पाय एका पुंगळीवर पडला. एका पायावर उड्या मारत तो थेट अंगणात गेला. टॉवेल आतच राहिला होता. ट्रेंबाथबाईंनी कॉफीचा पेला सावकाश खाली ठेवून नीट पाहिलं.

मग वेलदोड्याच्या पावाबरोबर माझा खटला चालला. लेम्पी म्हणाली, एक तर हे खेळणं जाईल नाहीतर शनिवारचा सॉना. शेवटी तह झाला. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नेमबाजीच्या क्लबात छोट्या पिस्तुलांची स्पर्धा असते. घरच्या काडतुसांनी मी सुलोला हरवलं तर मेज इथेच राहील. हरलो तर बटाट्याच्या तळघरात. तळघरात दमट, अंधार, आणि मला ताठ उभंही राहता येत नाही. पण तो प्रश्न येणारच नाही.

रविवार, २८ जून
वाळूच्या खाणीत, क्लबाच्या नेमबाजीच्या जागी, पहिली चाचणी. दहा काडतुसं नेली. सहा उडाली. साठ टक्के! शाळेत मला कधी मिळाले नव्हते.

उरलेली चार नुसती टिक्‌ टिक्‌ म्हणाली. सुलोने एक उलटं करून पाहिलं आणि खाली बसला. हसण्यासाठी. दाजी, टोपी उलटी घातलीत! अख्ख्या क्लबाने येऊन पाहिलं. ट्रेंबाथबाईंनी तर चष्मा आणवला.

कारण उघड आहे. खिडकी उत्तरेला. उजेडाचा दोष. नवीन बल्ब आणणे.

रविवार, ५ जुलै
बापाचं पिस्तूल रिकामी पुंगळी उजवीकडे, वर आणि जरा मागे फेकतं. पुंगळी चिमुकली, गवत गुडघाभर. आज नेमाकडे थोडं आणि पुंगळी कुठे पडते तिकडे बरंच लक्ष होतं. लक्ष्याला काही लागलं नाही, पण पुंगळ्या सगळ्या सापडल्या, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी तीन. एकंदर फायद्याचा दिवस.

सुलो विचारत होता, दाजी, तुम्ही नेम धरायला येता की अंडी गोळा करायला? मी गवतात होतो.

शनिवार, १८ जुलै
हे कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून इथे लिहितो. आज हात बसला. हँडल खाली येतं, गोळी पुंगळीत उतरते, आणि कुठेतरी तळहाताला कळतं, बसली. आवाज नाही, काही नाही. नुसतं कळतं. एक झालं की दुसरं, मग तिसरं. दुपार कधी गेली समजलंच नाही. शेवटी खोकंभर काडतुसं खिडकीत रांगेने उभी केली. उन्हात अशी चमकत होती की लेम्पीला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, वाकून पाहिलं, म्हणाली, सुंदर आहेत रे. मग म्हणाली, पण टॉवेल कुठे ठेवायचे?

सुंदर म्हणाली. फार आनंद झाला.

रविवार, १६ ऑगस्ट
चाचणीचं काडतूस एकदा उडालं की ते काडतूस राहत नाही. म्हणजे चाचणी करणं म्हणजे नाश करणं. शिवाय एक उडालं म्हणून शेजारचं उडेल असं कुठे आहे? तेव्हा चाचणी रद्द. रोज फक्त पुसून ठेवणे. आत्मविश्वास शंभर टक्के.

गुरुवार, ३ सप्टेंबर
आत्मविश्वास नव्वद टक्के. सुलो चौकात सगळ्यांसमोर टिक्‌ टिक्‌ करून दाखवत होता.

शनिवार, ५ सप्टेंबर
शहरातल्या दुकानातून काडतुसांचं एक खोकं आणलं. निव्वळ तुलनेसाठी.

तुलना करताना असं लक्षात आलं की दुकानची काडतुसं माझ्या घरच्या काडतुसांच्या लाकडी खोक्यात फार छान बसतात. बसतात म्हणून बसवली. मग माझी उघड्यावर पडली, ती दुकानच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली. कुठेतरी ठेवायला हवीच होती. ते खोकं उद्याच्या पिशवीत टाकताना लेम्पीने पाहिलं, तिला म्हटलं, दुकानची आहेत, अडीनडीला. ही फसवणूक नाही. उद्या जिंकलो की मेज वाचेल, आणि मेज वाचलं की खरी घरची काडतुसं पुढच्या वर्षी. भिंतीवरचा नियमाचा पुठ्ठा काढून ठेवला. नजर जात होती.

रविवार, ६ सप्टेंबर
आजचं आजच लिहितो.

मी लाकडी खोक्यातली दहा उडवली. सगळी उडाली. पण नव्याकोऱ्या पुंगळ्या, अशा झळकत बाजूला पडत होत्या, की प्रत्येक वेळी मान वळली. लक्ष्यावर चार गोळ्या लागल्या, त्यातली एक शेजारच्या माणसाच्या लक्ष्यावर. सुलोच्या सात. सुलो म्हणाला, दाजी, चला, तळघर झाडायला मदत करतो.

इतक्यात ट्रेंबाथबाई ओरडल्या, बायकांच्या फेरीत एक कमी आहे, लेम्पी, ये गं. लेम्पी म्हणाली, मी कधी उडवलंय? तरी पदराआड हसावं तशी हसत आली आणि माझं पिस्तूल घेतलं. मी लाकडी खोकं पुढे केलं. ती म्हणाली, तुझी नकोत बाबा, पिशवीत दुकानची आहेत ना, ती दे. आणि स्वतःच पुठ्ठ्याचं खोकं काढलं.

काय बोलणार? बोललो तर सगळ्यांसमोर पितळ उघडं. मनात एकच, टिक्‌ म्हणू नको, देवा, टिक्‌ म्हणू नको.

दहाच्या दहा उडाली. नऊ मधल्या काळ्या गोलात, एक काठावर. अख्खी खाण टाळ्या वाजवत होती. कप लेम्पीला. माझी काडतुसं! माझी!! मी ज्यांच्यावर विश्वास ठेवला नाही ती माझी पोरं!

सुलोने माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाला, बघा दाजी, तेच पिस्तूल. फरक फक्त काडतुसांचा. दुकानची ती दुकानची. सगळे हो हो म्हणाले. मीही म्हणालो.

मंगळवार, ८ सप्टेंबर
मेज तळघरात गेलं. सुलोने खरंच उचलायला मदत केली. सॉनाच्या खोलीत आता टॉवेलांची फळी, तिच्यावर कप.

दुपारी लेम्पी म्हणाली, ऑक्टोबरात काउंटीची स्पर्धा आहे, मी नाव दिलंय. मला तीच काडतुसं आण हं, अगदी तीच. उडताना हाताला किती मऊ लागत होती! सुलोलाही एक खोकं हवं आहे. त्याची म्हणे इतकी सरळ कधी गेलीच नाहीत, कुठल्या मालातली आणलीत दाजी?

म्हटलं, आत्ता जाऊन आणतो. कोट घातला, लेम्पीने दारातून हात हलवला. गाडी चर्चच्या मागे लावली आणि बटाट्याच्या शेतातून वाकत वाकत तळघरात आलो. कंदील लावलाय. पाठ छताला टेकलीये.

दुकान सहाला बंद होतं. तोवर दुकानची दोन रिकामी खोकी भरायची आहेत.