तपासलेली दारं

सोमवार, ४ मार्च. सकाळी.
आजपासून रोजनिशी. कॉलनीत कोणीतरी डोकं शांत ठेवायला हवं आणि ते कोण, हे उघड आहे. सायकली चोरीला गेल्यापासून मागच्या पायवाटेवर फाटक बसवायचं की नाही यावरून निम्मी कॉलनी उरलेल्या निम्म्या कॉलनीशी बोलत नाही. हवं-वाले म्हणतात, पलीकडच्या वस्तीतले लोक त्या वाटेने येतात, चोर तेच. नको-वाले म्हणतात, तेच लोक भांडी घासायला येतात तेव्हा बरे चालतात.
मी अख्खी नोकरी वजनमापे खात्यात काढली. काटा मध्ये कसा आणायचा हे मला कोणी शिकवू नये.
संकल्प: बाजू घ्यायची नाही. रविवारी १७ तारखेला हॉलमध्ये शांतपणे चर्चा घडवायची. ही म्हणाली, आधी न्हाणीघरातला गळका नळ बघा. नळ उद्या.

मंगळवार, ५ मार्च.
चर्चेची पद्धत सुचली. हवं-वाल्यांनी ‘नको’ची बाजू मांडायची, नको-वाल्यांनी ‘हवं’ची. समोरच्याचा मुद्दा स्वतःच्या तोंडून बाहेर पडला की राग आपोआप उतरतो. इतकं साधं आजवर कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.
चर्चेसाठी कोट शिवायला टाकला. तळमजल्यावरचा शिंपी माझा जुना दोस्त. माप घेताना म्हणाला, पोट सुटलंय. मी म्हटलं, विचार वाढले की जागा लागते. हसला. मग आईचा विषय काढला. त्याची आई वस्तीतली खोली सोडायला तयार नाही, दोन वेळ जेवायला त्याच पायवाटेने इकडे येते. फाटक झालं तर तिला हायवेवरून वळसा. गुडघे गेलेत बिचारीचे. मला विचारलं, तुम्ही बोलाल ना माझ्या बाजूने? मी म्हटलं, प्रत्येक मुद्दा मांडला जाईल, ही माझी जबाबदारी. त्याला धीर आला असावा.

गुरुवार, ७ मार्च.
घरोघर फिरून मतं विचारतोय. कोणत्या घरी कोणत्या बाजूचे मुद्दे पाठांतराला द्यायचे, ते वॉचमनला कळायला हवं. नोकरीतली सवय, तपासलं की खूण करायची. ‘हवं’ला गोल, ‘नको’ला फुली, थेट दारावर. फुलीचा अर्थ फक्त फुली, हे सगळ्यांना समजावलं.
खडू शिंप्याकडूनच आणला. कापडावरचा, चपटा, झकास उमटतो. पहिली फुली त्याच्याच दारावर काढली. त्याने विचारलं, माझ्याच दारावर का? मी म्हटलं, सुरुवात कुठून तरी करावी लागते.
ही म्हणाली, दारावर खुणा बऱ्या दिसत नाहीत. बायकांना पद्धतशीर काम दिसत नाही. नळ राहिला.

शनिवार, ९ मार्च.
सगळी दारं झाली. गोल जास्त, फुल्या कमी. फाटकाचे कट्टर समर्थक असलेल्या कॉलनीच्या सेक्रेटरींनी खास हात मिळवून शाबासकी दिली. म्हणाले, कोण कुठे आहे ते एकदाचं कळलं. विरोधकाकडून कौतुक घेणं सोपं नसतं. (विरोधक नव्हे. मी तटस्थ आहे.)

सोमवार, ११ मार्च.
वॉचमन सांगत होता, संध्याकाळी काही तरुण मंडळी दारांचे फोटो काढत फिरत होती. म्हणजे पद्धत लोकप्रिय होतेय.
आमच्या दारावर खूण नाही. काटा कुठे झुकतो, ते काटा सांगत नसतो. वाक्य चांगलं जमलं, भाषणात घालावं.

बुधवार, १३ मार्च.
दूधवाला आज फुलीवाल्यांकडे थांबलाच नाही. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, मला सांगितलंय तसं करतोय. कोणी सांगितलं ते सांगेना. गैरसमज असेल. आमच्याकडे अर्धा लिटर दिलं. निम्मं. तटस्थतेचा मान राखला म्हणायचा.
दोन घरांनी फुली पुसून गोल काढलाय. मतपरिवर्तन. चर्चेआधीच. कमाल आहे.

शुक्रवार, १५ मार्च.
संध्याकाळी दिवे गेले, फक्त आमच्या इमारतीचे. खाली काच फुटली. मग आणखी एक. नंतर कोणाचंही दार उघडलं नाही. ही खाली जायला निघाली, मी हात धरून बसवलं. पुरेशी माहिती हाती येण्याआधी हलणं बरोबर नाही.
दिवे आल्यावर कळलं, शिंप्याच्या खिडकीवर दगड. आई आत जेवत होती. तिला लागलं नाही म्हणतात. मी सकाळी जाणार आहे.

शनिवार, १६ मार्च.
सकाळी गेलो तर कुलूप. रातोरात आईला घेऊन निघून गेला. वॉचमनने माझा कोट आणून दिला. पूर्ण शिवलेला, बटणंसुद्धा लावलेली. पोटावर मुद्दाम जागा सोडलीय. निरोप काहीच नाही. मी दोनदा विचारलं.
हिने कोटाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. भात करपला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण उद्या चर्चा आहे.

रविवार, १७ मार्च.
चर्चा पार पडली. कोट चांगला बसला.
फक्त गोलवालेच आले होते. पद्धतीप्रमाणे ‘नको’ची बाजू मांडायला सांगितलं, तर सगळे एकमेकांकडे बघून हसले. सेक्रेटरी म्हणाले, तुम्हीच मांडा की. मागच्या रांगेत कोणीतरी खुर्ची सरकवली. मी उभा राहिलो. म्हातारीचे गुडघे, हायवेचा वळसा, सगळं तोंडपाठ होतं. पाणी प्यालो. मग म्हटलं, ज्यांचं म्हणणं आहे ते हजर नसताना त्यांच्या वतीने बोलणं त्यांच्यावर अन्याय होईल. टाळ्या पडल्या. फाटक एकमताने मंजूर.
काट्याचं वाक्य राहून गेलं.

सोमवार, १८ मार्च.
सकाळी दार उघडलं तर सेक्रेटरी आमच्याच दारावर गोल काढत होते. म्हणाले, तुमचंच तेवढं राहिलं होतं. मी हसलो. चहा विचारला. घाईत होते.
ते गेल्यावर ही ओलं फडकं घेऊन आली. मी समजावलं, आत्ताच नको, वातावरण निवळू दे, खडूच आहे, कधीही पुसता येईल. ती म्हणाली, मग आता पुसा. मी म्हटलं, तर्काने विचार कर. गोल तसा सुबक आहे, फक्त जरा मोठा.
ती फडकं घेऊन उंबऱ्याच्या आत उभीच होती. मी दार लावून घेतलं.
नळ अजून गळतोय.