पाच हातांचं पथ्य

सोमवार, ता. ५ फेब्रुवारी १९३४

डॉक्टर हात धूत होता. पाठमोराच बोलला - कॅन्सर आहे, काखेतही उतरलाय, आता कापून उपयोग नाही.

गोजा पडद्याआड लुगडं सावरत होती. तिला ऐकू गेलं का, कळलं नाही. मला गेलं. हे कान! तीस वर्षं यांच्यावर पोट भरलं. कळपात उभा राहिलो की कुठली मेंढी रवंथ करत नाही ते न बघता सांगतो. आज बहिरा असतो तर बरं झालं असतं.

विचारलं, खाण्यापिण्याचं काय? म्हणाला, "त्यांना आवडेल ते खाऊ द्या."

राग आला. गिऱ्हाईक काही घेणार नाही असं दिसलं की दुकानात मीही असंच म्हणतो - बघा, आवडेल ते बघा! म्हणजे या माणसानं गोजाला सोडलं.

मी नाही सोडणार.

बुधवार, ता. ७

गाठ वर्षभर लपवली होती तिनं! चोळीच्या आत, घरच्या माणसापासून. रागावलो तर म्हणते, "तुमाला सांगून काय? लगीच पाच मानसं गोळा केली असती."

खरं आहे. माझी रीतच ती. लोकर घ्यायची तर पाच जाणत्यांचे हात लावून घेतो. चौघं चांगली म्हणाली आणि एकानं बोट ठेवलं तर गासडी बाजूला. चौघांची वाहवा ऐकायची नाही, एकाची शंका ऐकायची. सांगोल्याच्या माळावरून पायी आलेला धनगर शुक्रवार पेठेत घोंगड्यांचा दुकानदार झाला तो याच्यावर. लोक म्हणतात नशीब. नशीब कसलं - पाच हात!

मग गोजाच्या ताटाला पाच हात का लावू नयेत?

सोमवार, ता. १२

पहिला हात - भीमाशंकर वैद्य. नाडी बघितली, बराच वेळ डोळे मिटून बसले. म्हणाले अर्बुद आहे, उष्णानं वाढतं. तिखट, तेल, मीठ, आंबट, वांगं, शेंगा, हुलगा - बंद. दूध-भात, मुगाचं वरण, डाळिंब चालेल.

गोजानं एवढंच विचारलं, "हुलगा बी न्हाय?"

हुलग्याचं माडगं हा तिचा जीव. लग्न होऊन आली ती चुलीपाशी नाही, कळपामागं. थंडीत माळावर तीन दगड मांडायची, भाजल्या हुलग्याचं पीठ कढवायची, लसूण ठेचून टाकायची. एका वाटीत दोघं प्यायचो. पहिला घोट तिचा. मीठ बघायला, असं म्हणायची.

मी म्हणालो, बरी झालीस की हंडाभर पी.

सोमवार, ता. १९

मुंबईचं एक छापील चोपडं मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. विसाव्या वर्षी अक्षरं शिकलो, त्यामुळे छापलेलं खोटं असेल हे मनाला पटत नाही. चोपडं म्हणतं, दूध आणि शिजवलेलं धान्य हेच गाठीचं खाद्य. भाकरी बंद, दूध बंद. फळं द्या.

वैद्यांचं दूध चोपड्यानं कापलं. दोघांत खरं कोण? ठरवायचं कशाला? एकानं बोट ठेवलं की बाजूला.

मात्र मुगाच्या पाण्याबद्दल चोपडं गप्प आहे. तेवढं ठेवलं. भात तोडायचा जीव होत नव्हता, वैद्यांच्या शब्दाखातर मूठभर ठेवला.

बुधवार, ता. २८

हकीमसाहेब फार गोड माणूस. गोजाला पाहून हळहळले. "चावल नक्को मायाप्पा सेठ, बदन में पानी भरता." भात गेला.

मठातल्या स्वामींनी मटण, अंडं, कांदा, लसूण सोडायला सांगितलं.

शेजारच्या दानम्माला तर मी विचारलंही नव्हतं. केळी-मोसंब्यांची पाटी येताना दिसली तशी दारातून म्हणाली, "अण्णा, गाठीला थंड देतात व्हय? आमच्या अक्कलकोटात कोण देत न्हाय." पाटी तिच्याच पोरांना वाटून टाकली.

झाले पाच. डॉक्टरचा हात मी धरलाच नाही. त्यानं कशावरच बोट ठेवलं नव्हतं.

या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडलेत. 'बंद'चा रकाना खाली जागा पुरेना म्हणून समासात चढलाय. 'चालेल'मध्ये तीन ओळी - मुगाचं अळणी पाणी, डाळिंबाचा रस, भिजवलेल्या मनुका.

पान गोजाला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "अक्षर झ्याक हाय."

शुक्रवार, ता. १६ मार्च

पाडवा. गोजाची धाकटी बहीण केराबाई मदतीला येऊन राहिली आहे. पुरण तिनंच वाटलं. गोजा चुलीशेजारी पाटावर बसून सांगत होती, अजून थोडी वेलची, अजून एक उकळी. चव नुसत्या वासावर! पोळ्या एकदम साधल्या.

नैवेद्य दाखवला. तिच्यापुढं डाळिंबाची वाटी ठेवली.

केराबाई ताटावरून उठून मागच्या दारी गेली. नाक शिंकरायला, म्हणे.

गुरुवार, ता. २९

आज घडलेलं लिहायला लाज वाटते. पण इथं नाही तर कुठं लिहू?

मीही तिच्याबरोबर अळणी खातो असं घरात सांगितलंय. पंधरा दिवस पाळलं. आज दुकानात येडूनं डबा उघडला. येडू माझा लोकर निवडणारा, लहानपणापासूनचा सोबती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल. त्यानं नुसतं डब्याचं झाकण माझ्याकडं सरकवलं. अर्धी भाकरी खाल्ली! चार चुळा भरल्या, बडीशेप चघळली, घरी आलो.

गोजानं जवळ बोलावलं. हुंगलं. हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"येडूभावजीची चटणी. लसूण जास्तच घालत्यात त्ये."

मी मान खाली घातली. तर म्हणाली, "आता बडीशेप खाऊ नगा. हितं बसा जरा, वास तरी येऊ द्या."

बसलो. तिनं डोळे मिटले.

मंगळवार, ता. १० एप्रिल

रोज विचारते, आज काय खाल्लं? मी सांगतो. काय होतं, कुणाच्या घरचं, तिखट केवढं. येडूला बिचाऱ्याला डब्यात रोज नवं काही आणावं लागतं. काल अंबाडीची भाजी. सांगताना मलाच भूक लागली आणि गोजा ऐकताना ओठ पुसत होती.

वैद्यांना सांगितलं. म्हणाले वासानंही जीभ चाळवते, रस सुटतात, गाठीला पोचतात.

झालं. उद्यापासून चूळ भरून, धुतल्या कपड्यात घरी. वहीत 'बंद'खाली लिहिलं - वास.

बुधवार, ता. ११

विचारलं तिनं. सांगितलं - काही नाही खाल्लं. तोंड भिंतीकडं केलं तिनं.

शनिवार, ता. ५ मे

बांगड्यांचा आवाज बदलला आहे. पूर्वी मनगटात दाटून बसायच्या, हात हलला तर एकच जाड आवाज. आता मनगटापासून कोपरापर्यंत घरंगळतात. माडीवर असलो तरी कळतं, गोजानं हात उचलला. ऐकवत नाही.

उन्हाळा भाजतोय. गिरणीचा भोंगा झाला की कूस बदलते. तेवढंच तिचं चालणं-फिरणं.

केराबाई म्हणाली, दाजी, घोटभर दूध तरी. मी वहीच काढून दाखवली. तिनं वहीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

रविवार, ता. २०

गोजा आपणहून बोलली आज. म्हणाली, "मामंजी आजारी मेंढरू बांदून चारायचे न्हाईत. ध्येनात हाय?"

आहे की. आमचा बाप आजारी मेंढीच्या गळ्यातली दोरी काढायचा. म्हणायचा, तिला जे पान पाहिजे ते तीच हुडकंल. काही जगायच्या. काही मरायच्या - पण तोंडात पाला असायचा.

मी म्हणालो, तू मेंढी आहेस होय? आणि हसलो. मी हसलो!

शुक्रवार, ता. ८ जून

डॉक्टरला घरी आणलं. गाठ तपासली, हात तपासले, पापणी ओढून पाहिली. बाहेर पडवीत आला.

"गाठ वाढलीय थोडी. तिची चाल तिनं सोडली नाही. पण बाई निम्म्या झाल्यात, ते गाठीनं नाही. काय देता?"

वही दिली. शेवटचं पान त्यानं उभ्यानं वाचलं. समासातलंही वाचलं. खूप वेळ लागला त्याला.

"मायाप्पा, ही उपासमार आहे. असा रोग मरत नाही. आधी माणूस मरतं."

मी म्हणालो, पण साहेब, पाच जणांनी...

"मी सहावा होतो ना? मी काय सांगितलं होतं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडलो असतो.

शनिवार, ता. ९

रात्रभर हिशेब एकच. प्रत्येकानं चार-दोन जिन्नस काढायला सांगितले होते. उपाशी ठेव असं एकही जण म्हणाला नव्हता. ते माझं. एकट्याचं. गासड्या बाजूला टाकत गेलो आणि वखार रिकामी झाली. रिकाम्या वखारीला मी पथ्य म्हणत होतो.

सोमवार, ता. ११

दुपारी लवकर घरी आलो. पडवीच्या पायऱ्यांवर थांबलो. आत बहिणी बोलत होत्या.

केराबाई म्हणत होती, अक्का, घास खा, दाजी दुकानात हायत. वाटीचा आवाज आला. सरकवलेली वाटी, परत सरकवलेली.

मग गोजा बोलली. हळू, पण माझे कान -

"नगं केरे. मी वाचायची न्हाय त्ये मला पडद्याआडच कळलंया. माजं पथ्य चालू हाय तवर त्येंच्या हातात कायतरी हाय. त्ये काडून घेतलं तर मानूस उभं ऱ्हायाचं न्हाय."

केराबाई रडत होती. गोजा तिला उगी-उगी म्हणत होती.

मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. उन्हात उभा राहिलो. चार महिने मला वाटत होतं मी तिला धरून ठेवलंय.

मंगळवार, ता. १२

ऐकलं ते तिला सांगायचं नाही, असं ठरवलं. खोटं बोलणं हा माझा धंदाच आहे, चांगलं बोललो पाहिजे.

सकाळी हसत गेलो. म्हणालो, गोजा, वैद्य म्हणतात गुण आलाय! पथ्य सुटलं. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "आला व्हय गुन? मलाबी वाटतंया." दोघंही किती सराईत!

हुलगे मीच भाजले, मीच दळले. जात्यावर माझा हात वळेना, केराबाईला बसू दिलं नाही. पीठ कढवलं, लसूण ठेचला. वहीचं शेवटचं पान फाडून चुलीत घातलं होतं आधी.

वाटी तिच्या ओठाला लावली. एक घोट. दुसरा अर्धा. घशात अडकला, खोकला आला, पुढं जाईना. आतडंच विसरलंय, केराबाई म्हणाली.

गोजानं ओठ चाटले.

"मीठ कमी हाय."

कमीच होतं. चार महिन्यांत हाताला मिठाची भीती बसली होती. चिमूट उचलताना बोटं आपोआप मिटली.

वाटी माझ्याकडं ढकलली तिनं. "ऱ्हायलेलं तुमी प्या. हितं बसून. आवाज करून प्या, पयल्यावानी."

प्यालो. माळावरच्यासारखे भुरके मारत. ती डोळे मिटून ऐकत होती.

रविवार, ता. १७

रोज माडगं. ती एक घोट, मी वाटी. तोंड धूत नाही, बडीशेप नाही. दुकान येडू बघतो. विचारते, आज कसं झालंय? मी म्हणतो चाखून सांग. म्हणते, अजून चिमूटभर पायजे.

रोज एक चिमूट वाढवतोय.

बुधवार, ता. २०

मीठ आज बरोबर पडलं. पहाटेच केलं. भुरके मारत वाटी संपवली, उष्ट्या तोंडानंच जवळ बसलो. आज कसं झालंय ते तिनं विचारलं नाही. बांगड्याही वाजल्या नाहीत. बराच वेळ ऐकत बसलो. शेवटी केराबाईनं मागून येऊन हातातली वाटी काढून घेतली.