पांढरं अस्तर

७ नोव्हेंबर १९७७, सोमवार

पोचलो एकदाचा केनवडला! वाशीमहून निघालेली एस.टी. वाटेत दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा सगळ्यांनी उतरून ढकलली आणि ढकलता ढकलताच निम्म्या गावाशी ओळख झाली. दवाखान्यात हिवतापाचं रक्त तपासायला नागपूरचे खोब्रागडे येणार, हे कंडक्टरलासुद्धा ठाऊक होतं.

खोली झकास मिळाली. जानराव इंगळे म्हणून शेतकरी आहेत, त्यांची. त्यांच्या घरापासून शंभरेक पावलांवर, तुरीच्या शेताला लागून. पक्क्या विटांची, वर कवेलूंचं छप्पर, उत्तरेला मोठी खिडकी. बारीक रंगकाम करणाऱ्याला उत्तरेचा उजेड म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. जानरावांच्या पत्नी भागिरथाबाई भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. भाजी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. जानराव हसले. म्हणाले, गाव आवडलं की कायमचं राहा.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज ट्रंक उघडली. जानराव बघतच राहिले.

माझी फौज म्हणजे बोटाएवढाले शिशाचे पुतळे. नेहमीचे शिपाई नव्हेत. शिंगवाले राक्षस, दाढीवाले बुटके, ढाली घेतलेले हाडांचे सापळे, टोकदार टोपीचा एक जादूगार, पंख मिटून बसलेला एक अजगर. नागपूरच्या दवाखान्यात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते पियर्सन साहेब विलायतेला परत जाताना मला यातले बारा देऊन गेले. पुढं दर दोन-तीन महिन्यांनी ते पुडकं पाठवतात. काही नवे असतात, काही फार जुने, ज्यांचे साचेच मोडले असे. तिकडे लोक टेबलावर दोन फौजा मांडतात आणि फासे टाकून लढाई खेळतात. माझ्यासमोर बसायला कोणी नाही, म्हणून मी नुसताच रंगवतो. आधी कानशीनं कडा घासायच्या, मग पांढरं अस्तर द्यायचं, ते वाळलं की रंग. एका पुतळ्याला आठ-दहा दिवस सहज जातात.

जानरावांनी जरा चाचरत विचारलं, हे देव तर नाहीत ना. मी म्हटलं, खेळणी आहेत. "मंग ठीक हाय," ते म्हणाले, "आपन बावीस प्रतिज्ञा घेतलेली मानसं."

२७ नोव्हेंबर, रविवार

कंपाउंडर शनिवारीच रिसोडला घरी जातो. आज दिवसभरात मी तीन वाक्यं बोललो, त्यातलं एक कुत्र्याशी.

संध्याकाळी भागिरथाबाईंना विचारलं, इतकी चांगली खोली रिकामी कशी. त्यांनी सांगितलं, थोरल्या मुलासाठी, देवमनसाठी, सात वर्षांपूर्वी बांधली. तो भुसावळला रेल्वेत लागला आणि तिकडचाच झाला. दर दिवाळीला येतो म्हणतो. दर दिवाळीला बाई खोलीला चुना देतात आणि कुलूप लावतात.

माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. घाईनं म्हणाल्या, "तसं काई मनात आनू नोका, साहेब. इथं कोनी मेलं नाई. पन कोनी राह्यलं बी नाई. या भिंतीनं मानसाचा आवाजच आयकला नाई आजवर."

१८ डिसेंबर, रविवार

दोन दिवस शिरपूरला होतो. यात्रेकरूंचे रक्तनमुने घ्यायचे होते. आज दुपारी परतलो तर टेबलावरचा बुटका रंगवलेला.

शुक्रवारी मी त्याला नुसतं अस्तर देऊन ठेवला होता. आता अंगात मोरपंखी डगला, दाढीत राखाडीच्या तीन छटा, गालावर किंचित लाली. अंगठ्याच्या नखाएवढ्या तोंडावर दमलेल्या माणसाचा भाव. मी सात वर्षं हे करतो आहे. मला असं जमलेलं नाही.

कुलूप जसंच्या तसं होतं. दुसरी किल्ली जानरावांकडे. त्यांना आडून विचारलं. ते म्हणाले, तुरीच्या राखणीतून मान वर करायला फुरसत नाही, तुमच्या खोलीत कायले जाऊ?

२३ डिसेंबर, शुक्रवार

माझं काम पुराव्याचं. काचेवर जंतू दिसला तर ताप, नाही दिसला तर नाही. तेव्हा पद्धतशीर तपास केला. वाशीमहून नवं कुलूप आणून लावलं, दोन्ही किल्ल्या खिशात ठेवल्या. खिडकीला आतून खिळे ठोकले. टेबलावर दोन पुतळे ठेवले, एक अस्तर दिलेला, एक न दिलेला.

दवाखान्यातून परतलो. अस्तर दिलेला रंगवून झाला होता. दुसऱ्याला हात लावलेला नव्हता. ब्रश धुऊन, टोक करून, मी ठेवतो तसा आडवा ठेवलेला.

घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी तिथंच खुर्चीवर बसलो आणि तो पुतळा तासभर हातात फिरवत राहिलो. इतकी सुंदर ढाल!

८ जानेवारी १९७८, रविवार

आमचं आता ठरून गेलंय. घासणं आणि अस्तर माझ्याकडे, रंग तिच्याकडे. 'ती' का लिहितो? खोली म्हणून. दुसरं कोण आहे इथं?

आज पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, "फार सुरेख झालाय." उत्तर आलं नाही. पण भिंतींनी ऐकलं असं वाटलं. कोणी ऐकतंय म्हटल्यावर मी बोलतच सुटलो. आईच्या शेवटच्या दुखण्याबद्दल बोललो, ते आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

जानराव येऊन गेले. जयंतीच्या कमिटीत या म्हणत होते, चार शिकलेली माणसं हवीत. मी म्हटलं, वेळ नाही. दवाखाना सुटला की मी जवळजवळ धावतच घरी येतो.

५ फेब्रुवारी, रविवार

पियर्सन साहेबांचं पत्र. नजर अधू झाली, संग्रह विकून टाकला. लेकीकडे राहायला जातायत. यापुढे पुडकं यायचं नाही, क्षमा करावी.

दोनदा वाचलं. मग तिला वाचून दाखवलं, मराठीत करून. ट्रंकेत न रंगवलेले नऊ उरलेत.

२६ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा, तो अजगर, आज पूर्ण झाला. फळीवर सगळे ओळीनं उभे आहेत. मी तिला म्हटलं, संपलं आता.

थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. ब्रश टेबलावर नव्हता. माझ्या उशीवर होता.

५ मार्च, रविवार

चिंचोके. भागिरथाबाईंनी दिलेल्या चिंचेतले मी वाटीत टाकले होते. प्रत्येकावर चेहरा. जानराव, कंपाउंडर, एस.टी.चा कंडक्टर. त्या कंडक्टरला तिनं कधी पाहिलं? मीच सांगितलं होतं.

हसलो. मग हसू आवरलं. चिंचोका हातात फार जड लागला.

१२ मार्च, रविवार

खिडकीच्या चौकटीवर पाल. हिरवी, सोनेरी ठिपके, अजगराचेच रंग. हलली नाही. बोट लावलं. गार.

मी मोठ्यानं म्हणालो, असं नको करूस. ती पाल जिवंत होती.

गेल्या रविवारी चिंचोके बघून हसता हसता खोलीला काय म्हणालो होतो ते आठवतंय. तूच कर, मला विचारत बसू नकोस.

१९ मार्च, रविवार

कवेलूच्या फटीतून आलेली चिमणी. टेबलाच्या मध्यभागी, मान वळवून उभी. एकेक पीस रंगवलेलं.

दवाखान्यात नेली. कोणी नव्हतं. तागडीत घातली. दहा चिमण्यांचं वजन भरलं. मग सुरी चालवली. रक्त नाही. हाड नाही. आतपर्यंत करडं, चकचकीत. शिसं.

टेबलावर सगळं तसंच टाकून बाहेर पायरीवर येऊन बसलो. मला हे कोणाला सांगता येणार नाही. मी लोकांना अंगारे-धुपारे सोडून गोळ्या घ्यायला सांगणारा माणूस.

२१ मार्च, मंगळवार

बॅग भरली. एस.टी.च्या थांब्यावर दोन तास बसलो. मेहकरची गेली, वाशीमची गेली. तिकीट कुठलं काढू हेच सुचेना. नागपूरला आता आहे कोण?

दवाखान्याच्या व्हरांड्यात पथारी टाकली.

जानराव शोधत आले. "काहून, साहेब? आमचं काई चुकलं काय?" मी म्हटलं, खोलीत उकडतं. भागिरथाबाईंनी निरोप पाठवला होता की आमच्या ओसरीवर खाट टाकतो, घरचाच माणूस समजून या. मी नको म्हटलं. का म्हटलं? त्यांच्या चुलीपाशी बसून खोटं बोलता आलं नसतं म्हणून.

२ एप्रिल, रविवार

बरं वाटतंय. झोप लागते. चौदा तारखेला जयंतीच्या सभेत हिवतापावर बोला, असं जानराव पुन्हा म्हणाले. हो म्हटलं. कमिटीतल्या बाया-माणसांनी चहा पाजला. प्रयागबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं तर दृष्टच काढली असती, पण जानरावांनी डोळे वटारले. सगळे हसले. मीही.

पाच महिने ही माणसं शंभर पावलांवर होती.

१३ एप्रिल, गुरुवार

भाषणाला पांढरा सदरा हवा. तो खोलीतल्या ट्रंकेत आहे. दुपारी भर उजेडात जाऊन घेऊन येतो. पाच मिनिटांचं काम. ही वहीही बरोबर घेतो, भाषणाचे मुद्दे यातच आहेत.

१४ एप्रिल, शुक्रवार. सकाळ.

खोलीत आहे. खुर्चीवर. सदरा मांडीवर.

काल ट्रंक उघडली आणि— फळीवरचे सगळे पुतळे दाराकडे तोंड करून उभे होते. मी जाताना तसे नव्हते. वाट बघत असल्यासारखे. मला वाईट वाटलं. क्षणभर बसलो. उन्हातून आलो होतो. डोळा लागला.

जाग आली तेव्हा सकाळ झालेली.

डावं पाऊल पांढरं. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. एकसारखं, कुठं ओघळ नाही, उत्तम हात. टर्पेंटाइननं घासलं. जात नाही. सुई टोचली. कळत नाही.

उचलत नाही.

थोड्या वेळानं

दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत. दिसत काहीच नाही. फक्त ओलं, गार, मऊ असं काही वर सरकतं. आणि थांबतं. आणि पुन्हा.

ओरडलो. पंचशील झेंड्याजवळ लाउडस्पीकर लागलाय. गाणी. कोणाला ऐकू—

दवाखान्याला वाटेल मी जानरावांकडे. जानरावांना वाटेल दवाखान्यात.

तिला म्हटलं, मी येत जाईन. रोज येईन. बोलेन. सोड.

थांबली. ऐकलं बहुतेक. मग पोटावर—

दुपार

आता तोंड उघडत नाही. डावा हात गेला. उजवा टेबलाखाली, मांडीवर वही. अजून लिहितो आहे.

अस्तरावर रंग चढवलाय. सदराही घातलाय मला. खराखुरा नव्हे. रंगाचा. चुण्यांसकट. मला इतका छान सदरा कधीच—

जानराव आले. आवाज ओळखला. "साहेब, ओ साहेब! लोक वाट पाहून राह्यले!"

दार ढकललं. अगदी समोर. माझ्याकडे बघताहेत. मी इथं आहे जानराव मी इथं—

ते हसले. आनंदानं. मागं वळून हाक मारली. "पाह्य वं, साहेबानं सोताचाच पुतळा केला! केवढा! हुबेहूब!"

भागिरथाबाई दारात आल्या. नवं पांढरं लुगडं. तोंडावर हात. मग तो हात पुढं केला, माझ्या गालाकडे. इतक्या जवळ की बांगड्या—

"हात नोको लावू. रंग वला असन अजून."

त्यांनी हात मागं घेतला.

साहेब पुढं गेले असतील, असं म्हणाले. दार हळूच लावलं. रंगाला धूळ लागू नये म्हणून.

सभा सुरू झाली. माझं नाव पुकारताहेत. खोब्रागडे साहेब, असाल तिथून स्टेजवर या. एकदा. दोनदा. टाळ्या वाजवून थांबले. सगळे थांबलेत. माझ्यासाठी—

टेबलावर पाणी हललं. ब्रश धुते आहे.

आता मनगट. बोटं अजून माझी आहेत. गालावर अजून वाटतं की, बाईंनी नुसता हात जरी लावला अस—