जानेवारीतली द्राक्षं

२ सप्टेंबर

पोचले एकदाची, आणि चक्क खूश आहे. सोफियाहून बसने चार तास. स्तामेनकाका स्वतः स्टँडवर आले होते. माझ्या हातातून बॅग ओढून घेत म्हणाले, एवढ्याशा बॅगेत संसार मावला म्हणजे नवऱ्याने बरंच ठेवून घेतलेलं दिसतंय. मी हसले. बऱ्याच महिन्यांनी.

खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, वर माझी खोली. मागच्या अंगणात द्राक्षांचा मांडव आणि त्याखाली निळा बाक. गल्लीभर लाल मिरच्या भाजल्याचा वास. घरोघरी हिवाळ्याच्या बरण्या भरणं चालू आहे.

काकांनी चाळीस वर्षं या गावाची लग्नं, बारशी आणि मयतं टिपली. अलीकडचं सगळं त्रेसष्ट मेमरी कार्डांवर, बिस्किटांच्या तीन डब्यांत पडून आहे. ते तारखेप्रमाणे लावायचं, एवढंच माझं काम. इथे दारं आणि विजेचे खांब शोकपत्रकांनी भरलेले आहेत. चाळीस दिवस, सहा महिने, एक वर्ष, दर वेळी नवं पत्रक आणि त्यावर फोटो. लोक फोटो मागायला काकांकडे येतात आणि काकांना तो सापडत नाही. आता सापडेल.

४ सप्टेंबर

शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी, लिहून झाली. जेमतेम वीस ओळी. कार्ड लावलं की ती प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख वाचते, त्या तारखेचा फोल्डर नसेल तर बनवते आणि फोटो उचलून त्यात टाकते. मग मी कार्ड कोरं करते, कारण काकांना कार्डं पुन्हा वापरायची आहेत. आज अकरा कार्डं झाली. काका मागे उभे राहून फोल्डर उगवताना बघत होते आणि म्हणाले, माझी बायको बरण्या अशाच लावायची, चिठ्ठी बाहेरच्या बाजूला.

जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डावर एकच फोटो निघाला. तो '२०१२-०१-०१' या फोल्डरमध्ये गेला. त्या कॅमेऱ्याच्या घड्याळाची छोटी बॅटरी मेली आहे, त्यामुळे बंद करून चालू केला की त्याला रोजच १ जानेवारी २०१२ वाटते. नंतर बघू. स्क्रिप्ट फोटो बघत नाही, तारीख बघते. मीही बघत बसले नाही.

९ सप्टेंबर

आज इस्क्राबाई आल्या. गावात पत्रकं चिकटवण्याचं काम त्यांचं. खांद्याला खळीचा डबा, हातात ब्रश. माझ्यासाठी चीजची बानित्सा आणली होती आणि मी दुसरा तुकडा नको म्हटल्यावर म्हणाल्या, सोफियाच्या पोरी काय वाऱ्यावर जगतात? खा, नाहीतर पुढचं पत्रक तुझंच लावावं लागेल. काकाही हसले.

मग काकांनी जुना कॅमेरा काढला. अजून चालतो का बघायचं होतं. त्याचंच, मी कोरं केलेलं कार्ड पुन्हा त्यात घातलं आणि मला निळ्या बाकावर बसवलं. केसही विंचरलेले नव्हते. मी कुरकुर केली तर म्हणाले, हलू नकोस. कार्ड लगेच स्क्रिप्टच्या तोंडी दिलं. एक सेकंद.

१६ सप्टेंबर

सगळी कार्डं संपली. एकोणीस हजार फोटो, प्रत्येक आपापल्या दिवसात. काकांनी रकियाची बाटली उघडली आणि दुसऱ्या पेल्यानंतर मला का बोलावलं ते सांगितलं.

त्यांची बायको योर्दाना गेल्या ऑक्टोबरात गेली. लग्नाचा अल्बम पुरात वाहून गेला होता. पुढे तिने कधी फोटो काढू दिला नाही; समोरचा दात पडल्यावर तर नाहीच. चाळिसाव्या दिवसाचं पत्रक निघालं, सहा महिन्यांचं निघालं, दोन्हीवर फोटोच्या जागी नुसता क्रूस. गावाच्या फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो नाही. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण खांबापाशी थांबतात.

एक फोटो मात्र आहे, ते म्हणाले. जाण्याआधी तीन आठवडे काढलेला, मांडवाखाली, या बाकावर. ती म्हणाली होती, अहो, माझा कशाला, दात बघा माझे. ते म्हणाले होते, हलू नकोस, एकच काढतो. नवं कार्ड होतं. जुना कॅमेरा.

चौदा ऑक्टोबरला वर्ष होतंय. तेवढा शोधून दे पोरी, म्हणाले.

मी पेला खाली ठेवला.

१७ सप्टेंबर

माझी स्क्रिप्ट प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते. त्यात या दोन ओळी आहेत. चार तारखेला: डीएससी ०००१, गेला २०१२-०१-०१ मध्ये. नऊ तारखेला: डीएससी ०००१, गेला २०१२-०१-०१ मध्ये.

कोऱ्या कार्डावर तो कॅमेरा पुन्हा एकपासून मोजतो. एकच नाव, एकच खोटी तारीख, एकच फोल्डर. 'हलव' या आज्ञेपुढे एक अक्षर जोडायचं असतं. जागेवर आधीच कोणी असेल तर हात लावू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. मी ते जोडलं नाही. त्यामुळे नवा फोटो जुन्याच्या जागेवर बसला आणि जुना गेला. फोल्डर उघडला. बाकावर मी आहे, केस न विंचरलेली. वर मांडवाला द्राक्षं लगडलेली. तारीख जानेवारीची.

१८ सप्टेंबर

दिवसभर कार्डावरून जुना फोटो परत काढायचा प्रयत्न केला. कार्डावरही माझा फोटो नेमका तिच्याच जागी लिहिला गेला आहे.

काकांना सांगायला हवं. पण सोफियात माझ्या हातून अशीच एक चूक झाली होती, आणि मी शहाण्यासारखी स्वतः जाऊन सांगितली. साहेबांनी पाठ थोपटली, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करायला लावलं. नवऱ्याने महिन्याभरात घर. खरं बोलण्याची हौस माझी तेव्हाच फिटली.

कॅमेऱ्याची चूक म्हणून सांगेन. उद्या.

२० सप्टेंबर

मी सांगायच्या आधी काका स्वतःच संगणकासमोर बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पडद्यावर माझा फोटो उघडा. ते नाक काचेला टेकवून रडत होते. म्हणाले, बघ, हीच. हीच माझी योर्दाना. तू शोधलीस.

मला तोंड उघडता आलं असतं. मी त्यांना रुमाल दिला.

२४ सप्टेंबर

पत्रकं छापून आली. 'योर्दाना, एक वर्ष तुझ्याविना', आणि खाली मी. आता इस्क्राबाई बोभाटा करणार म्हणून मी जिन्यात उभी राहिले. योर्दाना त्यांची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि त्यांचे डोळे तर शाबूत आहेत. त्यांनी फाटकावर पत्रक चिकटवलं, तळहाताने सुरकुती काढली आणि म्हणाल्या, छान आलीये ग बाई, दात दिसू नये म्हणून ओठ कसे मिटलेत बघ.

माझ्याकडे वळून बघितलं. पुन्हा पत्रकाकडे. आणि डबा उचलून पुढच्या खांबाकडे गेल्या.

२९ सप्टेंबर

बेकरीवालीला नमस्कार केला. तिने उत्तर दिलं नाही. मी पाव मागितला, तिने माझ्यामागच्या माणसाला दिला. बाहेर पडले तेव्हा ती छातीवर क्रूसाची खूण करून कोणाला तरी म्हणत होती, देव तिला क्षमा करो, अशीच दारात उभी राहायची.

परत आले तर माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर वाटी. उकडलेला गहू, वर पिठीसाखर. मेलेल्यांच्या नावाने वाटतात तो.

३ ऑक्टोबर

बहिणीला माझा फोटो पाठवला. आताच काढलेला. तिचं उत्तर: ही बाई कोण? मस्करी पुरे, तुझा पाठव.

फोनमधले सगळे फोटो बघितले. समुद्रावरचा, ऑफिसमधला, लग्नातला. सगळ्यांत एक साठीची बाई आहे. माझ्या कपड्यांत. ओठ मिटून.

म्हणजे योर्दानाचा फोटो सापडला.

६ ऑक्टोबर

काकांना सगळं सांगितलं. दोन ओळी, एक अक्षर, माझी चूक, माझं गप्प बसणं. ते भाजलेल्या मिरच्या सोलत होते. मी रडत होते. शेवटी ते मान वर न करता म्हणाले, योर्दाना, दार लावत जा ग, वारा येतो.

मी दार लावलं. का लावलं?

८ ऑक्टोबर

स्क्रिप्टमध्ये ते अक्षर जोडलं. माझा फोटो पुन्हा काढला, आजची खरी तारीख, वेगळं नाव. चालवली. पडद्यावर एकच ओळ —

आधीपासून आहे. सोडून दिलं.

वीस वेळा चालवली. सोडून दिलं. सोडून —

१० ऑक्टोबर

मिरच्यांच्या बरण्या फडताळात कोणीतरी लावल्या आहेत. चिठ्ठी बाहेरच्या बाजूला. माझ्या बोटांना व्हिनेगरचा वास.

पावाला चावताना समोरचा दात — दुखलंही नाही.

१२ ऑक्टोबर

पत्रकं फाडली. फाटक, खांब, बस स्टँड. इस्क्राबाई मागून ओरडल्या, हा वारा मेला, मेलेल्यांनाही सोडत नाही. आणि ब्रश काढून पुन्हा — माझ्या हातावरूनच ब्रश —

माझं नाव नेव्याना. नेव्याना. प्रत्येक पानावर लिहायचं. नेव्या

१४ ऑक्टोबर

दफनभूमी. सगळे आले. गहू, वाईन, मेणबत्त्या. क्रूसावर काचेखाली तो फोटो. त्यात आता तीच आहे, काचेतल्या माझ्या प्रतिबिंबातही — दोन्हीकडे तीच — मग मी कुठे —

काका म्हणत होते, एक मुलगी ठेवली होती कामाला. चांगली होती. नाव आठवत नाही. न सांगता गेली.

न सांगता. हो. न सांगताच —

१ जानेवारी २०१२

सकाळचं ऊन छान पडलंय. मिरच्या भाजून झाल्या, बरण्या उद्या भरीन. मांडवावर द्राक्षं पिकली आहेत, गांधीलमाश्या फार. कॅमेऱ्यात नवं कार्ड घालून हे आले आणि म्हणाले, बाकावर बस. मी म्हटलं, अहो, माझा कशाला, दात बघा माझे. हे म्हणाले, हलू नकोस, एकच काढतो.

मी हलत नाहीये. वही मांडीवर आहे. वरच्या खिडकीत एक पोरगी उभी आहे, केस विस्कटलेले. काचेवर हात आपटतेय, ओरडतेय, ऐकू काही येत नाही. मी विचारलं, वरच्या खोलीत कोणाला ठेवलंत? हे म्हणाले, तिथे कोणी नाही, इकडे बघ, हलू नकोस, आता