दोर वर येताना

वैशाखरे, गुरुवार, १४ ऑगस्ट २००३, सकाळी सव्वासात. ओला दोर ओट्यावर पसरून वीतवीत तपासत होतो, तो बाजूला ठेवून लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप बारकूमामा यांस,

गेल्या वर्षी माळशेजच्या दरीत पडलेल्या पोराला काढायला तुम्ही उतरलात, तेव्हा वर दोर माझ्या हातात होता. खालून तुमचा आवाज आला, "चल रे भाऊ, जरासाच ऱ्हायलाय." मला वाटलं, पोरगा जिवंत आहे. मी त्याच्या आईला तसं सांगूनही टाकलं. तुम्ही मेलेल्यांशी बोलता, हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही मला ओरडला नाहीत. त्या माऊलीजवळ बसून म्हणालात, "त्याला एकटा नाय आणला, माय. बोलत आणला." तिने तुमचे चिखलाचे हात धरले. मी मात्र वर्षभर दोराला शिवलो नाही.

काल पुन्हा बोलावणं आलं. तुमचा गुडघा दुखावलेला, म्हणून मी उतरलो. आधी वर दोर धरणाऱ्या हनुमानला बजावलं, "मी खाली बोलताना ऐकशील. तेवढ्यावरून कुणाला आशा लावू नको."

माणूस थंड झाला होता. झोळीत बांधताना गाठ दोनदा सुटली. मी म्हटलं, "चल रे भाऊ." तेव्हा कुठे गाठ बसली. मामा, बावीस वर्षं तुम्ही कशाच्या बळावर उतरलात, ते तिथे कळलं.

हे पत्र टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून तुमच्या लेकीला, रुपाताईला, ते तुम्हाला वाचून दाखवावं लागेल, आणि खाली काय दिसतं ते तुम्ही घरात कधीच कळू दिलं नाहीत.

दोर शाबूत आहे.

तुमचा भाचा,
जैतू