पटक्यातली चिठ्ठी

आप्पा,

तुम्ही मेंढरं घेऊन परतूरकडं गेलात आणि मी इथं बॅग भरून राह्यले. तुमच्या पटक्यात खोसलेली ती चिठ्ठी मात्र डोळ्यापुढून हलत न्हाई.

जालन्याला नर्सिंग, संभाजीनगरला इंजिनिअरिंग, उदगीरला जनावरांची डॉक्टरकी. तिन्हीकडं नंबर लागला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "देवाला विचारू." बिरोबाच्या दगडाला तीन ओली फुलं चिकटवली, प्रत्येकाखाली एकेक चिठ्ठी ठेवली; जे फूल आधी पडंल, तो देवाचा कौल. एक फूल पडलं. तुम्हाला वाचता येत न्हाई, म्हणून खालची चिठ्ठी तुम्ही माझ्या हातात दिली. मी वाचलं, "उदगीर." तुम्ही ती चिठ्ठी देवाचा कौल म्हणून पटक्यात खोसली.

आप्पा, चिठ्ठीवर जालना होतं. घराजवळचं, तुमच्या मनातलं.

परसाल आपली अकरा मेंढरं दोन दिवसांत गेली. डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला. तवर तुम्ही मेलेल्या कोकराच्या तोंडावरच्या माश्या हाकलत बसल्ते. माझं तेव्हाच ठरलं. मंग देवाला विचारलं कशाला, म्हणाल. विचारलं तुम्ही. मी न्हाई.

तिकडं कुणी ती चिठ्ठी तुम्हाला वाचून दाखवली, तरी मी माघारी येणार न्हाई. सोमवारी उदगीरला चालले.

हे पत्र धाडत न्हाई. दुसऱ्याच्या तोंडून तुम्ही हे ऐकावं, ते मला बिलकुल नको. डॉक्टर होऊन येईन, बिरोबापुढं बसून मीच वाचून दाखवीन. त्या दिवशी जे लिहिलंय तेच वाचीन.

तुमची,
वर्षाराणी